परत न आलेला आकडा
(प्रस्तावना)

आमच्याकडे मडके घेताना आधी ते बोटाच्या पेराने वाजवून पाहतात. खणखणले तर घ्यायचे. बद्द वाजले तर कितीही देखणे असो, खाली ठेवायचे. डोळ्यांना न दिसलेली चीर कानाला कळते, हे विकणारीलाही ठाऊक असते आणि गिऱ्हाइकालाही. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर आलेला गवंडी हेच करतो. स्लॅबखाली शिडी लावून तो हातोडीने वीतवीत ठोकत जातो. टण, टण, टण असे चाललेले असते आणि मध्येच एका जागी आवाज पडतो. तिथे खडूने गोल काढायचा आणि पुढे सरकायचे. त्या गोलाच्या आत काँक्रीट सळईपासून सुटलेले असते.

विद्यार्थी असताना असा एक गोल मी पहिल्यांदा फोडताना पाहिला. वर रंग शाबूत होता, पोपडा धरलेला नव्हता. छिन्नीचे दोन घाव बसले आणि तळहाताएवढी कपची खाली आली. आतली सळई खारकेसारखी सुरकुतलेली होती. बोटाने दाबली तर गंजाचा पापुद्रा चुरून हाताला लागला. गंजताना लोखंड फुगते, फुगताना काँक्रीटला आतून ढकलते, हे आम्ही वर्गात लिहून घेतले होते. पण त्या खोलीत वर्षानुवर्षे माणसे झोपली होती, जेवली होती, डोक्यावरचे छप्पर धड आहे असे समजून. ती गोष्ट वहीत लिहिलेली नव्हती.

ठोकून पाहणारा माणूस हुशार असला तरी तो रोज येत नाही. पावसात येत नाही, रात्री येत नाही, आणि पुराच्या पाण्यात बुडालेल्या खांबापाशी तर येऊच शकत नाही. मग ज्या वेळी खरी गरज असते त्या वेळी बांधकामाची तब्येत कोण पाहणार? या पुस्तिकेचा सगळा विषय या एका प्रश्नातून निघाला आहे. स्वतःवरचा ताण स्वतःच सांगणारे, आतली भेग स्वतःच कळवणारे काँक्रीट तयार करता येते. सिमेंटच्या मिश्रणात वीज वाहून नेणारे बारीक तंतू मिसळले की ते जमते. त्याला आम्ही या पानांत ‘स्वसंवेदी काँक्रीट’ म्हटले आहे. शब्द जरा जड आहे, पण वस्तू समजली की जिभेला बसतो.

ही पुस्तिका दासगावात बसून का लिहिली, असे कोणी विचारेल. दासगाव हे सावित्रीच्या खाडीवरचे जुने बंदर. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईहून निघाले ते ‘पद्मावती’ बोटीने. ते दासगावच्या बंदरावर उतरले आणि तिथून पाच मैलांवरच्या महाडला गेले. त्या काळी आमच्या भागाचा दरवाजा पाण्याकडे उघडत असे. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, महाड आणि पोलादपूर यांच्या दरम्यान सावित्रीवर दगडी कमानींचा पूल उभा राहिला. हळूहळू दरवाजा रस्त्याकडे वळला. बंदर मागे पडले, पूल पुढे आला. मुंबई-गोवा महामार्ग त्याच्यावरून गेला, कोकणातला चाकरमानी गणपतीला त्याच्यावरून आला आणि शिमग्यालाही. जवळजवळ ऐंशी-नव्वद वर्षे तो पूल कुणाच्या लक्षातसुद्धा आला नाही. नीट काम करणाऱ्या पुलाचे तसेच असते. खडखडाट बदलला की प्रवासी म्हणतात, सावित्री आली.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री साडेअकराच्या सुमारास तो पूल गेला. महाबळेश्वरच्या घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस घेऊन सावित्री दुथडी वाहत होती. शेजारी नवा पूल होता, पण मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरून होती. जयगडहून मुंबईला आणि राजापूरहून बोरिवलीला निघालेल्या दोन एसटी गाड्या आणि त्यांच्यासोबत काही खासगी वाहने अंधारात सरळ नदीत गेली. चालकांपुढे रस्ता होता, दिव्यांचा झोत होता, आणि पुढे पूल नव्हता. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाच्या हे लक्षात आले आणि त्याने धावत जाऊन मागून येणाऱ्या गाड्या थांबवल्या, म्हणून पुढचा अनर्थ टळला. नौदलाचे पाणबुडे, तटरक्षक दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, क्रेनला टांगलेला मोठा लोहचुंबक, असे सगळे आले. तरी गाड्या सापडायला आठवड्याहून अधिक काळ लागला. नदीने काही जणांना थेट हरिहरेश्वरच्या समुद्रापर्यंत नेले होते. दासगाव नदीच्या खालच्या अंगाला आहे. त्या दिवसांत आमच्या खाडीकाठावर उभे राहून पाण्याकडे पाहणे कुणालाच सोपे गेले नाही.

या घटनेतली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि तो वाहतुकीस धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला होता. ही माहिती तेव्हा विधिमंडळातच देण्यात आली. कुणाला दोष देण्यासाठी मी ती इथे आणत नाही. तो चौकशीचा विषय आहे. मला दिसते ते मे आणि ऑगस्ट यांच्यामधले अंतर. मे महिन्यात सावित्री गुडघाभर असते. खांबाच्या पायथ्याशी उतरता येते, दगड पाहता येतो, सांध्यातला चुना खरवडता येतो. मृग लागला की पाणी चढते आणि मग चार महिने तिथे माणूस पोहोचत नाही. पुलाला जे काही व्हायचे ते नेमके याच चार महिन्यांत होते. आपण पुलाला पाहतो तो निरोगी ऋतूत, आणि तो आजारी पडतो तो आपण नसताना.

चार वर्षांनी, २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी, महाड शहरात काजळपुऱ्यातली ‘तारीक गार्डन’ ही पाच मजली इमारत खाली बसली. सोळा माणसे गेली. चार वर्षांच्या एका मुलाला एकोणीस तासांनी ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढले तेव्हा सगळे शहर रस्त्यावर उभे होते. ही इमारत दगडी नव्हती, जुनीही नव्हती. सिमेंट, खडी, वाळू आणि सळई यांची होती आणि तिला दहा वर्षेदेखील झाली नव्हती. ब्रिटिशांच्या काळातले म्हणून पडले, अशी समजूत घालून घ्यायला तिथे जागाच उरली नाही.

आणि या सगळ्याच्या आधी २५ जुलै २००५. त्या दिवशी आमच्या दासगाववर डोंगर आला. पन्नासच्या आसपास माणसे दरडीखाली गेली. त्याच पावसात जुई, रोहन, कोंडिवते या गावांवरही दरडी कोसळल्या. पुढे २२ जुलै २०२१ ला तळियेत ऐंशीहून अधिक माणसे गेली. डोंगरात तंतू मिसळता येत नाहीत, हे मला कळते. तरी दरड आणि पूल या गोष्टी आमच्या मनात वेगळ्या राहिलेल्या नाहीत. पावसाळ्यात रात्री झोपताना आम्ही एकच गोष्ट मागतो: काही होणार असेल तर आधी कळू दे.

आधी कळावे म्हणून आमच्याच शेजारी एक व्यवस्था वर्षानुवर्षे काम करते आहे आणि तिची दखल फार थोड्यांनी घेतली आहे. वीर आणि सापे-वामने या स्थानकांच्या दरम्यान कोकण रेल्वे सावित्री ओलांडते. त्या पुलावर पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पाणी धोक्याच्या पातळीवर गेले की अधिकाऱ्यांना इशारा जातो. माणगाव-वीर दरम्यान काळ नदीवर आणि चिपळूणजवळ वाशिष्ठीवरही तशीच यंत्रणा आहे. उंच पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. महामार्गावर पडलेल्या पुलाच्या जागी सावित्रीचा नवा पूल १६५ दिवसांत बांधून ५ जून २०१७ रोजी खुला झाला, तेव्हा त्यावरही पुराची पातळी टिपणारे संवेदक बसवल्याचे सांगण्यात आले. ही सगळी पावले योग्य दिशेने पडलेली आहेत. पण ही यंत्रे पाण्याला विचारतात, वाऱ्याला विचारतात. पाणी किती आले, वारा किती सुटला, हे त्यांना कळते. त्या पाण्याने पुलाच्या अंगावर काय केले, हे पुलालाच विचारायचे राहते.

पुलाला किंवा धरणाला विचारण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. सावित्री आणि कोयना या दोघीही महाबळेश्वरच्या माथ्यावरून निघतात. एक पश्चिमेला कोकणात उतरते, दुसरी सातारा जिल्ह्यात वळते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. त्या वेळी धरणाच्या आतल्या बोगद्यात जमिनीची कंपने टिपणारे यंत्र बसवलेले होते. धरण हलत असताना त्या यंत्राने आलेख काढला. धरणाच्या वरच्या भागात, जिथे त्याचा उतार बदलतो तिथे, आडव्या भेगा पडल्या. आलेख आणि भेगा अशा दोन्ही गोष्टी हाती आल्यामुळे अभियंत्यांना कारण आणि परिणाम शेजारी शेजारी ठेवून पाहता आले. आजही जगात कुठे काँक्रीटच्या धरणावर भूकंपाचा परिणाम गणिताने काढायचा असेल, तर आपली पद्धत बरोबर आहे का हे ताडण्यासाठी कोयनेचा तो आलेख वापरतात. संकटाच्या क्षणी आत एक साक्षीदार जागा होता, याचे हे मोल.

यंत्र आत बसवणे एक आणि काँक्रीटनेच यंत्र होणे दुसरे. तिकडे जाण्याआधी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे लॉर्ड केल्विन म्हणून प्रसिद्ध झालेल्या विल्यम थॉमसन यांनी १८५६ साली दाखवले की धातूची तार ताणली की तिचा विजेला होणारा विरोध बदलतो. ताण मोजण्याची किल्लीच हाती आली. १९३८ च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी वेगवेगळे काम करून त्यातून एक छोटी पट्टी बनवली. पोलादाच्या तुळईवर ती चिकटवायची. तुळई ताणली की पट्टी ताणते आणि आकडा हलतो. विमानापासून पुलापर्यंत सगळीकडे ही पट्टी गेली. पण ती नखाएवढी असते. जिथे चिकटवली तिथलेच सांगते. भेग तिच्यापासून दोन वितींवर पडली तर ती गप्प. शिवाय कोकणातल्या एका पावसाळ्यात तिचा डिंक सुटतो.

१९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठात, बफेलो येथे, डेबोरा चुंग आणि पू-वेई चेन यांनी एक शोधनिबंध लिहिला. काँक्रीटमध्ये कार्बनचे आखूड तंतू मिसळले तर त्याचा विद्युतविरोध भाराप्रमाणे बदलतो, त्यामुळे काँक्रीट स्वतःच संवेदक होते, असे त्यात दाखवले होते. तंतू म्हणजे किती? जाडी केसाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी आणि लांबी पाच मिलिमीटर. प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आपल्या भाषेत सांगायचे तर पन्नास किलोच्या एका गोणीमागे पाव किलो.

एवढ्याशा तंतूंनी काय होते, ते समजायला स्लॅबच्या दिवसाची आठवण काढू. मिक्सर खाली असतो आणि स्लॅब वर. मध्ये शिडीवर आणि पराचीवर माणसे उभी राहतात आणि माल भरलेली घमेली हातोहात वर जातात. साखळी लागली की काम कसे सरसर चालते. माणसे कमी पडली तर साखळी तुटते आणि माल खालीच राहतो. दोघांमधले अंतर थोडे जास्त असेल तर खालचा जरा झोका देऊन घमेले वर फेकतो आणि वरचा झेलतो. अंतर फार वाढले तर फेकताही येत नाही.

काँक्रीटमधले तंतू म्हणजे ती माणसे आणि वीज म्हणजे ते घमेले. सुके काँक्रीट विजेला फारसे जाऊ देत नाही. तंतू एका ठरावीक प्रमाणापेक्षा कमी असतील तर ते इकडेतिकडे सुटे राहतात आणि साखळी लागत नाही. ते प्रमाण ओलांडले की एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट तयार होते आणि विद्युतविरोध एकदम खाली येतो. काही तंतू एकमेकांना टेकलेले असतात. काहींमध्ये सिमेंटचा इतका पातळ पापुद्रा असतो की वीज त्यातून उडी मारून जाते. आता या काँक्रीटवर भार आला. ते दाबले गेले, तंतू जवळ आले, घमेले सहज हातात पडू लागले, विरोध कमी झाला. काँक्रीट ताणले गेले तर तंतू आपल्या जागेवरून किंचित सुटतात, अंतर वाढते, विरोध वाढतो. आणि भेग पडली, तर त्या जागेची साखळीच तुटते. धातूच्या पट्टीपेक्षा हा बदल कितीतरी पट मोठा असतो, म्हणून सूक्ष्म हालचालही टिपता येते.

या पुस्तिकेचे नाव जिथून आले ती गोष्ट आता सांगतो. प्रयोगशाळेत दीडशे मिलिमीटरचा ठोकळा ओततात, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवतात आणि दाबयंत्रात घालून फोडतात. हे प्रत्येक साईटवरच्या माणसाला ठाऊक आहे. स्वसंवेदी काँक्रीटचा ठोकळा ओतताना त्यात तांब्याच्या जाळीचे चार तुकडे ओळीने उभे ठेवायचे. बाहेरच्या दोघांतून वीज सोडायची आणि आतल्या दोघांमधला विद्युतदाब मोजायचा. असे केले म्हणजे जाळी आणि काँक्रीट यांच्या सांध्यातला विरोध मोजमापात घुसत नाही. मग यंत्रात ठोकळा ठेवून भार चढवायचा. आकडा खाली उतरू लागतो. भार काढायचा. आकडा परत वर येतो, जिथून निघाला तिथे. पुन्हा भार, पुन्हा उतार. पुन्हा मोकळा, पुन्हा जागेवर. बघणाऱ्याला वाटते, ठोकळा श्वास घेतो आहे. भार थोडा थोडा वाढवत नेला की एक वेळ अशी येते की भार काढला तरी आकडा पहिल्या जागी येत नाही. थोडा वर राहतो. ठोकळ्याकडे पाहा, तो जसाच्या तसा आहे. हात फिरवा, काही लागत नाही. पण आत कुठेतरी काही तंतूंची साखळी कायमची सुटलेली आहे. तो परत न आलेला आकडा म्हणजे भेगेचा पहिला शब्द. डोळ्याला भेग दिसायला अजून बराच अवकाश असतो.

या अवकाशात माणसे वाचवता येतात. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो.

पण वाचकाला अर्धी गोष्ट सांगून मी सोडणार नाही. आमच्या भागात या काँक्रीटपुढे कोणत्या अडचणी आहेत, त्यांना या पुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण दिले आहे. पहिली अडचण मिसळण्याची. पिठल्यात पीठ एकदम टाकले की जशा गुठळ्या होतात, तसे तंतू मिक्सरमध्ये एकमेकांत गुरफटतात. गुठळी झाली की एका जागी भरपूर तंतू आणि चार बोटांवर एकही नाही. त्यासाठी सिलिका फ्यूमसारखी अतिसूक्ष्म भुकटी आणि तंतू सुटे ठेवणारी रसायने वापरावी लागतात. प्रयोगशाळेत दहा किलो मिश्रण नीट होणे आणि साईटवर गाडीभर होणे यात खूप फरक आहे.

दुसरी अडचण पाणी. ओले काँक्रीट स्वतःच वीज वाहू देते, कारण त्याच्या छिद्रांतल्या पाण्यात क्षार असतात. महाडला जूनमध्ये पाऊस लागला की आकडा आपोआप घसरेल आणि बघणाऱ्याला वाटेल, भार वाढला. दुपारच्या उन्हाने तो पुन्हा बदलेल. याला उतारा आहे. त्याच काँक्रीटचा एक बिनओझ्याचा ठोकळा शेजारीच ठेवायचा. पाऊस दोघांवर सारखा पडतो, ऊन दोघांवर सारखे. दोघांच्या आकड्यांतला फरक काढला की हवामान वजा होते आणि भार उरतो. सांगायला सोपे, पण वर्षानुवर्षे शिस्तीने करायला अवघड.

तिसरी अडचण दासगावची खास. इथे खाडीचे पाणी भरतीला वर चढते. मीठ काँक्रीटमध्ये शिरते आणि सळई गंजवते. कार्बनचा तंतू स्वतः गंजत नाही, पण मिठाच्या सान्निध्यात तो सळईला टेकलेला असला तर सळईचा गंज वाढू शकतो. म्हणजे तब्येत पाहायला ठेवलेल्या माणसानेच आजार वाढवावा, असे होऊ नये याची काळजी घ्यावी लागते. सगळा पूल तंतूंच्या काँक्रीटचा करण्याची गरजही नाही आणि तो खर्च परवडण्यासारखाही नाही. जिथे ताण एकवटतो तिथे, म्हणजे तुळईच्या मध्यावर, टेकूपाशी, खांबाच्या बुडाशी, वीटभर आकाराचे तुकडे सळईपासून दूर बसवले तरी पुरे.

आणि सगळ्यात प्रामाणिक उत्तर सावित्रीच्या जुन्या पुलाबद्दल द्यायला हवे. तो दगडी होता. त्यात मिसळायला काँक्रीटच नव्हते. नदी पायथ्याची माती खरवडून नेते तेव्हा दगडावर ताण येण्याआधीच पाया मोकळा होतो. तिथे खोली मोजणारी वेगळी साधने लागतात. म्हणून हे काँक्रीट असते तर तो पूल वाचला असता, असे मी म्हणणार नाही. त्या माणसांच्या घरच्यांना खोटे सांत्वन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. दगडी बांधकामासाठी काय करता येते, यावर इटलीत पेरुजा विद्यापीठात फिलिप्पो उबेर्तिनी आणि त्यांचे सहकारी काम करत आहेत. त्यांनी वीज वाहू देणारी भाजकी वीट बनवली आहे. जुन्या भिंतीत मोजक्या जागी अशा विटा बसवल्या की भिंतीतला भार कुठून कुठे सरकला ते कळते. अमेरिकेत मिनेसोटात बाओगुओ हान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या मिसळलेले सिमेंट रस्त्यात बसवून वरून जाणारी वाहने मोजली. गाडीचे चाक गेले की रस्त्यानेच नोंद केली. सावित्रीवरच्या एखाद्या पुलावरून रात्रभरात किती अवजड गाड्या गेल्या, हे पुलाने स्वतः लिहून ठेवावे, ही कल्पना आता कल्पनेपुरती राहिलेली नाही.

यात सगळ्यात महत्त्वाचा भाग यंत्राचा नसून माणसाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. आकडा परत आला नाही, हे रात्री दोन वाजता कुणाला कळणार? कळले तर तो कुणाला फोन करणार? आणि वाहतूक थांबवण्याचा अधिकार त्याच्या हातात असणार का? रेल्वेत हे ठरलेले आहे: पाणी चढले की कुणाला सांगायचे आणि गाडी कुणी थांबवायची, याचा नियम आहे. रस्त्यावर त्या रात्री हे काम गॅरेजमधल्या एका माणसाने केले. त्याच्या हातात ना यंत्र होते, ना अधिकार. त्याने नदीकडे पाहिले आणि रस्त्यावर उभा राहिला. उद्या प्रत्येक पुलात तंतू असले तरी शेवटी कुणाला तरी असेच रस्त्यावर उभे राहावे लागणार आहे. त्याला तो हक्क आधीच दिलेला असावा, एवढीच मागणी.

ही पुस्तिका मी डिप्लोमाच्या मुलांसाठी, गवंड्यांसाठी, सेंट्रिंगवाल्यांसाठी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांसाठी आणि ज्यांच्या घराच्या कॉलमला भेग आहे त्या प्रत्येकासाठी लिहिली आहे. पहिल्या भागात काँक्रीट का तडकते हे आहे. दाब सोसण्यात ते पैलवान असते, पण ओढ सोसण्याची त्याची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच. म्हणून तर सळई लागते. दुसऱ्या भागात विजेचे गणित आहे, ते आठवीच्या पुस्तकापलीकडे जात नाही. तिसऱ्यात तंतूंचे प्रकार येतात: कार्बनचे, पोलादाचे, आणि त्यांच्या जोडीला कार्बनची काजळी व निकेलची भुकटी. चौथ्यात ठोकळ्याचा प्रयोग साध्या साहित्यात कसा करायचा ते पायरीपायरीने दिले आहे. पाचवा भाग अडचणींचा. घाईत असणाऱ्याने निदान तो तरी वाचावा, कारण कोणत्याही नव्या वस्तूची खरी ओळख तिथे होते.

महाडच्या बाजारपेठेत आणि आमच्या खाडीकाठच्या घरांतही एक रीत आहे. पूर ओसरला की भिंतीवर चिखलाची जी रेघ उमटते तिच्यावर तारीख लिहून ठेवतात. २००५ ची रेघ वेगळी, २०२१ ची वेगळी. नवे बांधकाम करताना जोत्याची उंची ठरवायला या रेघा उपयोगी पडतात. पाण्याची नोंद ठेवायला आम्हाला कुणी शिकवले नाही, पाण्यानेच शिकवले. भिंतीच्या भेगेची नोंद मात्र आपण ठेवत नाही. भेग दिसली की लांबी भरतो, वर रंग काढतो आणि विसरतो. तिची वाढ मग रंगाखाली चालू राहते.

म्हणून पुढचे पान उलटण्याआधी एक करा. तुमच्या घरात, शाळेत किंवा समाजमंदिरात एखादी भेग असेल तर तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि आजची तारीख लिहा. जमल्यास भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टरने बसवा. महिन्याने पाहा. भेग रेघेपुढे गेली किंवा काच तडकली, तर भिंत हलते आहे, जाणकाराला बोलवा. काँक्रीटमधला तंतू हेच काम करतो, फक्त आत, अंधारात, पुराच्या पाण्याखाली आणि रात्री दोन वाजता. बाहेरची रेघ मारायची सवय ज्या गावाला लागेल, त्या गावाला आतल्या तंतूचा आकडा वाचायलाही वेळ लागणार नाही.

पेन्सिल हाताशी घ्या. पहिले प्रकरण भेगेपासूनच सुरू होते.

दासगाव, ता. महाड